‘रक्त कमी’ की ‘सिकल’? पोरीला नेमकं काय झालंय?

गडचिरोली-चंद्रपूरकडे पोरगी दमायला लागली, चेहरा फिका पडला की घरात एकच वाक्य निघतं, ‘तिचं रक्त कमी झालं’. मग बीट, गूळ-शेंगदाणे आणि मेडिकलमधली टॉनिकची बाटली. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरही असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागे ५९ जणींना ॲनिमिया निघाला होता. पण आपल्या भागात या ‘रक्त कमी’खाली सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजारही लपून राहतो, आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

मी शाळेत शिकवते. नववीतली एक मुलगी भाताच्या रोवणीच्या दिवसांत आईसोबत बांधीत उतरली. दिवसभर पाऊस अंगावर आणि पाय चिखलात. रात्री तिच्या मांड्या आणि पाठ अशी दुखायला लागली की तिला कूस बदलता येईना. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर म्हणाली, “बाई, हाडाच्या आत कोणी ठोकून रायलं.” घरच्यांना वाटलं, कामानं अंग धरलं. तिच्या कागदावर दोन वर्षांपासून हिमोग्लोबिन ८ च्या आसपास लिहिलेलं होतं आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. आकडा का वाढत नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तिला पालेभाज्या खा, एवढंच सांगत राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे तपासणीत ती एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण निघाली.

साध्या ॲनिमियात लोह कमी पडतं म्हणून रक्त नीट तयारच होत नाही. पाळीत जास्त जाणारं रक्त, पोटातले जंत आणि ताटातलं अपुरं जेवण ही त्याची नेहमीची कारणं. सिकलमध्ये रक्त तयार होतं, पण टिकत नाही. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांत फुटते. या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. ती हाडातली कळ तिथून येते.

म्हणून मी आता दुखण्याबद्दल आधी विचारते. लोह कमी असलेल्या मुलीला धाप लागते, चक्कर येते, केस गळतात. काहीजणी माती, खडू, कच्चे तांदूळ खातात. त्यावर रागावू नका, ते बहुतेकदा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं. पण हाडं-सांधे पुन्हापुन्हा ठणकणं, डोळे पिवळे दिसणं, लहानपणी हातापायांचे पंजे सुजलेले असणं, घरात आणखी कोणाला असाच त्रास असणं, यातलं काही असेल तर सिकलची तपासणी करून घ्या. नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून एएस की एसएस ते ठरतं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. वाहक मुलीला सहसा काही त्रास नसतो आणि तिचं हिमोग्लोबिनही साधारण ठीक असतं. एएस मुलीचं रक्त कमी निघालं तर ‘सिकलच आहे तिला’ म्हणून सोडून देऊ नका. बहुधा लोहच कमी असतं आणि ते भरून निघतं. एसएस मुलीला मात्र, विशेषतः तिला अनेकदा रक्त चढवलं असेल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नका. तिच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. तिला फॉलिक ॲसिड लागतं, आणि बऱ्याच जणींना हायड्रॉक्सियुरिया या औषधानं कळांचा त्रास कमी होतो.

हा आदिवासींचाच आजार, आमच्यात नाही, असं म्हणून तपासणी टाळणारी घरं मी पाहिली आहेत. विदर्भात तो इतर समाजांतही आहे. तो आईवडिलांकडून येतो. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. तरी लग्न ठरताना कागद फक्त पोरीकडे मागतात. मुलाचीही तपासणी व्हायलाच पाहिजे.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी एसएस नसलेल्या मुलींनी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको. शी काळी झाली तर घाबरू नये. चवळी, तरोट्याची भाजी, वरण, वर लिंबू पिळलेलं, हे बीटापेक्षा जास्त कामाचं.

एसएस मुलीनं पाणी भरपूर प्यावं, थंडी-पावसात भिजू नये, ताप अंगावर काढू नये. ताप येऊन छातीत दुखलं, श्वास लागला किंवा एक बाजू लुळी वाटली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आमची ती मुलगी आता दहावीत आहे. दप्तरात पाण्याची बाटली असते, आणि तास चालू असतानाही तिनं पाणी प्यावं, असं मी सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलंय. या वर्षी रोवणीला आईनं तिला घरीच ठेवलं.