टाके निघाल्यानंतरचा हिशेब

गुडघ्याच्या आत टाके घालण्याचे नोंद असलेले अगदी सुरुवातीचे दोन प्रयोग खेळाडूंवर झाले नव्हते, खाणकामगारांवर झाले होते. १८८३ मध्ये एडिंबरात थॉमस ॲनंडेल यांनी एका खाणकामगाराचा गुडघा उघडून आतली सरकलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, पुन्हा जागेवर शिवली. १८९५ मध्ये लीड्सला आर्थर मेयो रॉबसन यांनी ४१ वर्षांच्या एका खाणकामगाराचे तुटलेले दोन्ही क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारे, हाडांना हाडांशी बांधणारे बंध, शिवले. सहा वर्षांनी त्या माणसाने सांगितले, पाय चांगला मजबूत आहे, धावताही येते. रॉबसन यांनी १९०३ मध्ये ते छापले. एका रुग्णाचा एक जबाब, इतकाच निकाल.

त्याआधी सांधा उघडायला कोणी धजत नसे, कारण आत पू झाला की पाय जाई, कधी जीवही. हिपॉक्रेटिसच्या काळी वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत तापलेल्या लोखंडाचे डाग देत. व्रण आकसला की सांधा आवळला जाईल, हा त्यामागचा विचार. शरीररचनेच्या अंगाने पाहिले तर तो अगदीच वेडगळ नव्हता. पण सांध्याच्या आत हात घालता येऊ लागला तो जोसेफ लिस्टर यांनी जंतू मारण्यासाठी कार्बॉलिक ॲसिड वापरायला सुरुवात केल्यानंतर. १८७७ मध्ये लिस्टर यांनी लंडनमध्ये गुडघ्याची फुटलेली वाटी चांदीच्या तारेने बांधली. एडिंबरातील त्यांचे प्राध्यापकपद त्याच वर्षी ॲनंडेल यांच्याकडे आली. हे धाडस तिथूनच पुढे आले असे म्हणायला हरकत नाही.

पुढची सव्वाशे वर्षे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तंत्र पुढे गेले नव्या हत्यारांमुळे. मते मात्र बदलली ती कोणीतरी काही वर्षे थांबून जुन्या रुग्णांना परत बोलावल्यामुळे. हे परत बोलावणे शल्यविशारदांना कधीच फारसे रुचलेले नाही, आणि त्याची किंमत सगळ्यात आधी अर्नेस्ट कॉडमन यांनी मोजली.

कॉडमन बॉस्टनचे. खांद्याच्या फाटलेल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, शिवण्याविषयी त्यांनी १९११ मध्ये लिहिले, आणि त्याच वर्षी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड: तक्रार काय, केले काय, वर्षभराने स्थिती काय, आणि गुण आला नसेल तर चूक कोणाची. १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमागे त्यांनी १२३ चुका नोंदवल्या आणि त्या छापूनही टाकल्या. सगळ्या रुग्णालयांनी असेच करावे, हा त्यांचा आग्रह होता. १९१५ मध्ये भर सभेत त्यांनी एक मोठे व्यंगचित्र उघडले: वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी घालणारा शहामृग, म्हणजे शहरातला श्रीमंत रुग्णवर्ग, आणि अंडी गोळा करणारी डॉक्टरमंडळी. शल्यविभागाचे अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली. आज रुग्णांच्या निकालांची नोंदवही ठेवणाऱ्या प्रत्येक देशात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. हयातीत त्यांना बहुतेक त्रासच झाला.

कार्ड नसले की काय होते हे गुडघ्याच्या गादीने दाखवले. १८९७ मध्ये जॉन ब्लँड-सटन यांनी मेनिस्कस म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष असे लिहून ठेवले होते. निरुपयोगीच असेल तर काढायला काय हरकत? फाटली की अख्खी काढा, हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य शिरस्ता होता. रुग्ण काही आठवड्यांत मैदानावर परतत, अडकणारा गुडघा मोकळा होई, डॉक्टर आणि खेळाडू दोघेही खूश. १९४८ मध्ये टी. जे. फेअरबँक यांनी गादी काढलेल्या रुग्णांचे एक्स-रे तपासले. सांध्यातली फट अरुंद झालेली, मांडीच्या हाडाचे टोक चपटे झालेले, कडेला हाडाची वाढ. गादी भार वाटून घेते आणि ती गेली की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजते, हे त्यातून स्पष्ट होत होते. तरीही अख्खी गादी काढणे पुढे आणखी पंचवीस-तीस वर्षे चालू राहिले. शोधनिबंध छापून येणे आणि हाताची सवय मोडणे यांत एवढे अंतर असू शकते.

ती सवय मोडायला दुर्बिणीची मदत झाली. गुडघ्यात दुर्बीण घालण्याविषयी डेन्मार्कचे सेव्हरिन नॉर्डेनटोफ्ट १९१२ मध्ये बर्लिनच्या सभेत बोलले होते. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांच्यापुढचा प्रश्न खेळाचा नव्हता, क्षयाचा होता. क्षयाने गुडघा आखडला की जमिनीवर बसणाऱ्या समाजात माणसाचे जगणेच अडते, म्हणून रोग लवकर पकडायचा होता. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीचे एकामागून एक नमुने केले. एकविसावा, ‘नंबर २१’, जगभर गेला. टोकाला चिमुकला दिवा असे आणि तो सांध्यातच फुटण्याची धास्तीही असे. १९६२ मध्ये वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला तुकडा काढला. १९६४ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, तिथे गेलेले टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन ही विद्या शिकून आले आणि मग ती उत्तर अमेरिकेत पसरली. १९६९ मध्ये हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतूनच गादी शिवली. ॲनंडेल यांनी केले तेच, पण गुडघा न उघडता.

दोन छोटी छिद्रे, त्याच दिवशी घरी. एवढी सोपी गोष्ट झाली की तिचा अतिरेक होणारच. झिजलेले गुडघेही दुर्बिणीतून ‘साफ’ होऊ लागले. २००२ मध्ये ह्यूस्टनमधील ब्रूस मोझली यांच्या गटाने १८० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: काहींचा गुडघा धुतला, काहींचा आतून खरवडून साफ केला, आणि काहींना त्वचेवर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षे पाठपुरावा करूनही वेदनेत फरक दिसला नाही. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये वयोमानाने फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांवर तसेच केले गेले आणि वर्षभराने उत्तर तेच आले. इथे एक सांगायला हवे, कारण चर्चेत ते नेहमी सुटते: या चाचण्या झिजेच्या गुडघ्यांच्या होत्या. विशीतल्या खेळाडूची मैदानावर फाटलेली, गुडघा अडकवून ठेवणारी गादी हे वेगळे प्रकरण आहे आणि ती शक्य तेव्हा शिवण्याकडेच आज कल आहे.

एसीएलचा, म्हणजे पुढच्या क्रुसिएट लिगामेंटचा, इतिहास याहून वाकडातिकडा आहे. रॉबसन यांनी टोके शिवली, पण १९१७ मध्ये ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी वेगळा मार्ग घेतला. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड आवरणाची पट्टी त्यांनी हाडांत भोके पाडून ओवली आणि नवा बंध तयार केला. दुरुस्ती की नवबांधणी, हा वाद तेव्हापासूनचा. विसाव्या शतकाच्या मध्यात पारडे दुरुस्तीकडे झुकले. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत जॉन फेगिन आणि सहकाऱ्यांनी तरुण कॅडेटांचे तुटलेले एसीएल शिवले. सुरुवातीचे निकाल उत्तम दिसले. पाच वर्षांनी त्याच कॅडेटांना तपासले, तेव्हा बहुतेकांचा गुडघा सटकत होता आणि अनेकांना पुन्हा दुखापत झालेली होती. फेगिन आणि वॉल्टन कर्ल यांनी १९७६ मध्ये हे प्रामाणिकपणे छापले आणि नुसती टोके शिवण्याची पद्धत जवळजवळ संपली. लष्करी अकादमीत रुग्ण हाताशी असतात, म्हणून त्यांना परत बोलावणे जमले, हेही खरे.

मग वाटीच्या खालच्या कंडरेचा मधला तिसरा भाग वापरण्याची पद्धत रुजली. केनेथ जोन्स यांनी ती १९६३ मध्ये मांडली होती. पुढे मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगच्या कंडरा आल्या. १९८० मध्ये इंग्लंडचे डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीतून पहिली नवबांधणी केली, तीही कार्बन फायबर वापरून. कृत्रिम धाग्यांचा तो जमाना होता: कार्बन, डेक्रॉन, गोरटेक्स. कापाकापी कमी, पहिल्या दिवसापासून मजबुती. पण वाकण्या-वळण्याने धागे झिजत, त्यांचे कण सांध्यात उतरून सूज आणत, आणि काही वर्षांत बंध तुटे. शरीरातून घेतलेल्या कंडरेचे नेमके उलटे असते. बसवताना ती मजबूत असते, मग रक्तपुरवठ्याअभावी काही आठवडे कमकुवत होत जाते, आणि नंतर महिनोन्‌महिने हळूहळू जिवंत होऊन लिगामेंटसारखी बनते. गुडघा बरा वाटू लागतो तेव्हा आतली कंडरा कच्चीच असते. लवकर खेळायला उतरलेल्यांचा घात इथेच होतो.

म्हणूनच पूर्वी शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. मांडी सुकून जाई, गुडघा आखडे. इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की सूचना न पाळता लवकर चालू-फिरू लागलेल्या रुग्णांचे गुडघे आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले आहेत. १९९० मध्ये त्यांनी पॉल निट्झ यांच्यासह लवकर हालचालीचा कार्यक्रम छापला. या सगळ्या इतिहासातला हा माझा आवडता शोध आहे, कारण तो बेशिस्त रुग्णांनी लावला.

खेळाच्या दुखापतींना प्रसिद्धी मिळाली ती मात्र कोपरामुळे. जुलै १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा बेसबॉल गोलंदाज टॉमी जॉन याच्या कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट तुटले. सप्टेंबरमध्ये फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक बारीक कंडरा काढून कोपरात ओवली. परतण्याची शक्यता शंभरात एक, असा त्यांचा अंदाज होता. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला. आधी १२४ सामने जिंकले होते, नंतर १६४ जिंकले. आज या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे. जोब यांनी मात्र दुसऱ्या खेळाडूवर ती करायला सुमारे दोन वर्षे घेतली. तो संयम प्रसिद्धीत हरवला आणि शस्त्रक्रियेनंतर हात आधीपेक्षा जोरकस होतो असा समज किशोरवयीन गोलंदाजांत आणि त्यांच्या पालकांत पसरला. एका गाजलेल्या यशाचा हा तोटा असतो.

निकाल कोणी ठरवायचा हाही प्रश्न होता. डॉक्टर गुडघा हातात धरून किती सरकतो ते पाही. १९८२ मध्ये स्वीडनमधून लायशोम गुणांकन आले, १९९८ मध्ये केओओएस ही प्रश्नावली आली, आणि जिना, लंगडणे, वेदना, खेळ यांविषयी रुग्णाने स्वतः दिलेली उत्तरे आकड्यांत आली. त्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या एकत्रित विश्लेषणात एसीएल शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले होते, आधीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. पुन्हा दुखापत होण्याची भीती हेही न परतण्याचे एक कारण निघाले. खेळात परतलेल्या २५ वर्षांखालील खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांचे एसीएल त्याच किंवा दुसऱ्या पायात पुन्हा तुटते, असे २०१६ च्या एका विश्लेषणात दिसले. त्याच वर्षी नॉर्वे आणि अमेरिकेतील अभ्यासाने नऊ महिन्यांपर्यंत परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. स्टेफन लोमांडर यांनी २००४ मध्ये दुखापतीनंतर १२ वर्षांनी तपासलेल्या स्वीडिश महिला फुटबॉलपटूंपैकी निम्म्या जणींच्या एक्स-रेमध्ये झीज दिसली. त्यांचे सरासरी वय ३१ होते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या खेळाडूंच्या त्रासात मोठा फरक नव्हता.

मग शस्त्रक्रिया करावी का? स्वीडनच्याच १२१ तरुणांच्या चाचणीत लगेच नवबांधणी आणि ‘आधी व्यायाम, लागलीच तर नंतर शस्त्रक्रिया’ हे दोन मार्ग दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही बरोबरीत राहिले. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी ३० जणांवर पाच वर्षांत शस्त्रक्रिया झाली, म्हणजे जवळपास निम्म्यांना ती लागली नाही. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधील ३१६ जणांच्या चाचणीत, जुन्या दुखापतीमुळे गुडघा सटकत राहिलेल्यांत, शस्त्रक्रियेचा गट स्पष्ट पुढे होता: १०० पैकी ७३ गुण, व्यायामाच्या गटाला ६४.६. या दोन निकालांत विरोध नाही, रुग्ण वेगळे आहेत. टाचेमागच्या तुटलेल्या कंडरेतही असेच. नॉर्वेतील २०२२ च्या चाचणीत वर्षभराने कार्यक्षमता सारखीच होती, पण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्क्यांची कंडरा पुन्हा तुटली, शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्क्यांची. दुसरीकडे टाके घालण्यात मज्जातंतूला इजा होण्याचा धोका आहे. निवड रुग्णाने करायची.

आणि १९७६ मध्ये मोडीत काढलेली एसीएलची दुरुस्ती परत आली आहे. बॉस्टनच्या मार्था मरे यांनी सांध्यातल्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून ती जुळत नाहीत, हे शोधून मध्ये कोलेजनचा रक्त शोषणारा स्पंज बसवला. अमेरिकी नियामकांनी २०२० च्या डिसेंबरात त्याला मान्यता दिली. १०० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी तो नवबांधणीपेक्षा कमी ठरला नाही. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यात पुन्हा दुखापतीचे प्रमाण मात्र १४ टक्के विरुद्ध ६ टक्के होते, आणि रुग्णसंख्या लहान असल्याने त्या फरकाचा अर्थ लावणे कठीण आहे. त्या रुग्णांचे मध्यक वय १७ होते. त्यांचे गुडघे किती झिजतात हे ते तिशी-चाळिशीत पोचल्यावर, आणि तोवर कोणी त्यांना बोलावत राहिले तरच, कळेल.