बांधकाम वाढले म्हणजे विकास झाला का?

मेट्रो आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपुरात एक समज पक्का बसला आहे की, जितके बांधकाम अधिक, तितकी अर्थव्यवस्था पुढे. हा समज अर्धाच खरा आहे.

पुलावर खर्च झालेला सगळा पैसा बांधकाम क्षेत्राचे उत्पन्न ठरत नाही. सिमेंट आणि सळईचे मूल्य कारखानदारीत मोजले जाते, आणि बांधकामाच्या वाट्याला उरते ती फक्त मूल्यवर्धित रक्कम, म्हणजे साहित्याची किंमत वजा जाता उरलेली मजुरी, नफा वगैरे, तीही काम चालू असलेल्या वर्षांपुरती. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाल्यावर पुढची भर पडेल ती विदर्भातला कापूस आणि संत्री त्यावरून वेळेत व कमी खर्चात बाजारात पोहोचली तरच.

बांधकामाच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक रान्को बॉन यांनी १९९२ मध्ये मांडले की, विकसनशील टप्प्यात राष्ट्रीय उत्पन्नातील बांधकामाचा वाटा वाढतो आणि देश औद्योगिकदृष्ट्या प्रगत झाल्यावर तो घटू लागतो. बांधकामाची मागणी बऱ्याच अंशी विकासातूनच येते, हे इथे विसरले जाते. चीनमध्ये २०२१ साली एव्हरग्रांड या बड्या बांधकाम कंपनीची कर्जफेड थकली, तेव्हा घरांची विक्री घसरली होती आणि कित्येक इमारती अर्धवट पडल्या होत्या.

रोजगार मात्र खराच मिळतो. सकाळी मजुरांच्या ठिय्यावर थापी आणि डबा घेऊन उभ्या असलेल्या गवंड्याला पुलामुळे काम मिळते. पूल झाला की तो पुन्हा ठिय्यावर येतो.