हे पत्रक मशीनजवळच ठेवा: वॉशिंग मशीन वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार,

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडच्या टॉवरपर्यंत आम्ही रोज वॉशिंग मशीन बघायला फिरतो. कितीतरी घरी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढावाच लागत नाही. मशीन ठणठणीत असतं. नळ अर्धा बंद असतो, पावडर दुप्पट पडलेली असते, नाहीतर तीन दिवसांचे कपडे एका फेरीत कोंबलेले असतात. व्हिजिटचे पैसे आम्हाला घ्यावेच लागतात, पण नळ फिरवण्याचे पैसे घेताना आम्हालाही अवघडल्यासारखं होतं. म्हणून हे चार कागद.

आधी वीज

पाणी गरम करणाऱ्या मशीनचा हीटर साधारण २००० वॅटचा असतो. म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा, भिंतीतला, स्वतंत्र सॉकेट हवा. मोबाइल-टीव्हीसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. एका घरी मशीन पुढे ओढलं, तर प्लगची पिन बोर्डाच्या वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रुतून बसलेली. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की 'अधूनमधून वास यायचा.' वास आला की बटण बंद करा आणि आम्हाला नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ओल्या हाताने मशीनला स्पर्श केल्यावर झिणझिण्या येत असतील तर खाली रबरी मॅट टाकून वेळ मारून नेऊ नका. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्यामागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तेही बघा. नसेल तर बसवून घ्या.

मशीन ड्राय बाल्कनीत असेल तर पावसाची झड कुठपर्यंत येते ते जूनमध्येच बघून ठेवा. वरच्या पॅनेलमधून पाणी आत गेलं की पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जातो, आणि तो खर्च बघून लोक नवीन मशीनचे भाव विचारायला लागतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालून उंदरांची जाळी लावून घ्या. वायर कुरतडलेली मशीनं पावसाळ्यात आमच्याकडे भरपूर येतात.

नवीन फ्रंट लोड आलं असेल तर मागचे तीन-चार मोठे बोल्ट काढलेत ना? ते फक्त वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून असतात. तसेच ठेवून स्पिन लावला तर मशीन अख्ख्या घरभर नाचतं. काढलेले बोल्ट फेकू नका, भाड्याचं घर बदलताना लागतील. आणि चाकांचा स्टँड सोयीचा वाटतो, पण फ्रंट लोडला शक्यतो नकोच. चारही पाय फरशीवर घट्ट हवेत. वरून तिरका दाब देऊन बघा, डुगडुगलं तर पाय फिरवून लेव्हल करा.

पाणी: आपल्याकडचं खरं दुखणं

'मशीन पाणीच घेत नाही' ही तक्रार बहुधा सगळ्यात वरच्या मजल्यावरून येते. कारण साधं आहे. टाकी आणि नळ यांच्यात १० मीटर उंचीचं अंतर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असते, अंतर जेमतेम तीन-चार मीटर. तिथे मशीन वाट बघत बसतं आणि शेवटी एरर दाखवतं. पाइप काढून नळ पूर्ण सोडा आणि खाली बादली लावा. मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी आलं तर काळजी नाही. त्याहून फारच कमी असेल तर छोटा प्रेशर पंप लागेल, तो मशीनचा दोष नव्हे.

पाणी जोरात येतंय, तरी मशीन घेत नाही? मग इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघा. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की तिच्यात गाळ बसतो. नळ बंद करा, पाइपची चकती हाताने सोडवा, जाळी पकडीने अलगद ओढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पाच मिनिटांचं काम आहे.

महापालिकेचं पाणी धरणातलं, त्यामुळे बहुधा मऊ असतं. बोअरवेलचं आणि पुष्कळदा टँकरचंही जड असतं. ओळखायचं कसं? अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस बाटलीत घाला, अर्धी बाटली पाणी भरा आणि हलवा. भरपूर फेस आला तर मऊ. दुधासारखं गढूळ होऊन वर साय आल्यासारखं दिसलं तर जड. जड पाण्यात पावडर थोडी जास्त लागते, आणि हीटरवर पांढरा थर बसतो तो वेगळाच.

किती कपडे, किती पावडर

सात किलोचं मशीन म्हणजे सात किलो सुके सुती कपडे, तेही कॉटनच्या प्रोग्रामवर. सिंथेटिक आणि क्विक वॉशला ही क्षमता बरीच कमी असते. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, तो एकदा वाचा. वजनकाटा काढायची गरज नाही: फ्रंट लोडमध्ये कपडे भरल्यावर वरून तळहात आडवा आत गेला पाहिजे. कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, म्हणून तर ते धुतले जातात. जागाच नसेल तर एक गठ्ठा नुसता फिरत राहतो आणि कॉलरचा मळ तसाच राहतो.

उलट, एकटी जाड चादर किंवा एकटं पायपुसणं टाकलं तर ते ओलं होऊन एका बाजूला गोळा होतं आणि स्पिनला मशीन धडधडतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका. रेनकोट, छत्रीचं कापड, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र मशीनमध्ये नकोच. त्यांच्यात पाणी पिशवीसारखं साठतं, स्पिनमध्ये ते एकदम सुटतं आणि अख्खा ड्रम हादरतो. बादलीत धुवा.

आता पावडर. ज्यावर 'मॅटिक' लिहिलंय तीच घ्या, आणि फ्रंट लोडला फ्रंट लोडचीच. हाताने धुण्याच्या पावडरीचा फेस मशीनला पचत नाही. फेसाची गादी तयार होते, कपडे आपटतच नाहीत, मशीन फेस घालवायला जादा पाणी घेतं, कधी ड्रॉवरमधून फेस बाहेर येतो. काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे, टॉवेलला खरखर, अंगाला खाज: हे बहुतेकदा जास्त पावडरीचंच काम. आमच्या घरातही मापाच्या डब्यानंतर 'अजून थोडीशी' पडायचीच, तेव्हा दोष कोणाला देणार! पाकिटावरचं माप घ्या, कपडे जेमतेम मळलेले असतील तर त्याहून कमी. खात्री करायची असेल तर धुतलेला टॉवेल साध्या पाण्याच्या बादलीत घालून पिळा. फेस आला तर पुढच्या वेळी माप कमी करा.

फुलाचं चिन्ह असलेला कप्पा सॉफ्टनरचा. टॉवेलला सॉफ्टनर वापरू नका, टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

रोजच्या कपड्यांना ४० अंश पुरे. आजारी माणसाच्या चादरी-उशा ६० अंशांवर. रंग जाणारे नवे कपडे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे, गार पाण्यात. पैठणी मशीनमध्ये 'डेलिकेट'वरही नको, ती ड्राय क्लीनलाच द्या.

हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो आणि घरात आरडाओरडा होतो. घाबरू नका. साबणातल्या अल्कलीने हळद रंग बदलते, एवढंच. नेहमीसारखा धुवा आणि कडक उन्हात वाळवा, उन्हाने हळद फिकी पडते. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावू नका, तो पक्का बसतो. गार पाण्यात भिजवा. तेलकट डागावर भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब चोळून मग मशीनमध्ये. विसर्जनाहून आलेल्या कपड्यांवरचा गुलाल कोरडाच झटका, ओला झाला की कापडात उतरतो. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर लागलेले कपडे मशीनमध्ये अजिबात नकोत, वाफेने पेट घेण्याचा धोका असतो.

साफसफाई

फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. तो महिन्यातून एकदा उघडा. मशीन बंद, प्लग काढलेला, आतलं पाणी गार झालेलं. खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा, छोटी नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू फिरवा. आत सेफ्टी पिना, रुपयाचं नाणं, केसांचा गुंता आणि शाळेच्या शर्टाचं बटण, यातलं काही ना काही निघतंच. खिसे तपासून कपडे टाकले तर निम्मं काम वाचतं. अंतर्वस्त्रं जाळीच्या पिशवीत घाला. त्यातली तार निघून ड्रमच्या मागे गेली तर टब उघडावा लागतो.

धुऊन झाल्यावर दाराच्या रबराची घडी पुसा आणि दार किलकिलं ठेवा. पावसाळ्यातला कुबट वास तिथेच सुरू होतो. ड्रॉवरही बाहेर काढून धुवा. महिन्यातून एकदा रिकामं मशीन टब क्लीनवर चालवा. ब्लीच आणि डीस्केलर (क्षारांचा पांढरा थर काढणारी पावडर), व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा टॉयलेट क्लीनर एकत्र कधीही टाकू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरात लहान मूल असेल तर

दार किलकिलं ठेवायला आम्हीच सांगितलं, पण मूल रांगतं-चालतं असेल तर बाथरूमचं किंवा बाल्कनीचं दार लावून घ्या. मुलं ड्रममध्ये शिरतात. मांजरही शिरतं. मशीन लावण्याआधी आत एकदा नजर टाकाच. चाइल्ड लॉकने बटणं लॉक होतात, बहुतेक मशीनमध्ये दार लॉक होत नाही. सेमी-ऑटोमॅटिक (दोन टबांचं मशीन) वापरणाऱ्यांनी सुकवण्याचा टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका. झाकण उघडल्यावर काही सेकंदांत तो थांबला नाही तर ब्रेक गेलाय. मशीन वापरणं बंद ठेवून आम्हाला कळवा.

फोन करण्याआधी

स्क्रीनवरचा कोड लिहून घ्या, मग प्लग काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावून बघा. तरीही तेच आलं तर कोड आणि मॉडेल नंबर सांगा. नंबर दाराच्या आतल्या कडेवर किंवा मागच्या स्टिकरवर असतो, फोटो पाठवला तरी चालेल. आवाजाची तक्रार असेल तर स्पिन चालू असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, बेअरिंगचा आवाज आम्हाला ऐकूनच कळतो. आम्ही येण्याआधी मशीनमधले कपडे काढता आले तर काढा, नळ बंद करा आणि मशीनसमोर एक माणूस बसेल एवढी जागा करून ठेवा.