चॅटमधल्या एजंटला तुमचं आधार ‘उघडून’ दिसतं का?

“एआय एजंटला आधार पडताळणी जोडली की त्याला बोटांचे ठसे, बँक खातं, सातबारा सगळं दिसतं” हा मेसेज परभणी-जालन्याकडच्या ग्रुपांवर वरचेवर फिरतो. एआय एजंट म्हणजे चॅटमध्ये बोलून तुमच्या वतीनं कामं करणारा संगणकी प्रोग्रॅम. शंका रास्त आहे, तपशील चुकीचा.

साध्या पडताळणीचं उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येतं. ई-केवायसीत, म्हणजे ओळखीच्या ऑनलाइन खातरजमेत, तुमच्या संमतीनं नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, फोटो जातो. ठसे आणि बुबुळं दिली जात नाहीत. खात्यातली शिल्लक, सातबारा तर त्या नोंदीत नसतातच.

जोडणी नीट असेल तर एजंट हा तपशीलही पाहत नाही. तो फक्त विनंती पाठवतो. आधार यंत्रणेशी जोडणारी गुप्त चावी (डिजिटल की) सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते, ओटीपी वेगळ्या पानावर टाकायचा असतो आणि एजंटकडे परत येतो तो संदर्भ क्रमांक व ‘पडताळणी झाली’ एवढा शेरा. खरा घोळ इथं होतो: पीकविम्याच्या चॅटमध्येच लोक आधारचे 12 अंक आणि ओटीपी टाइप करतात, मग ते चॅटच्या नोंदीत साठून राहतात. एजंटच तिथं ओटीपी मागत असेल तर जोडणी कच्ची समजा आणि थांबा.

तपासायचं असेल तर आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ उघडा. मागच्या 6 महिन्यांतल्या पडताळण्या तारीख-वेळेसह दिसतात. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र गाठावं लागेल. अनोळखी नोंद दिसली तर बायोमेट्रिक लॉक करा. मात्र लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागत नाही, आधी लॉक उघडावं लागतं.