घराचा विमा: भारत गृह रक्षा पॉलिसीत काय भरून मिळतं आणि अर्ज कसा करायचा

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये घराघरांत पाणी शिरलं. गाडीचा विमा सक्तीचा, म्हणून तो आपण न चुकता काढतो. पण आयुष्यभराची कमाई ज्या घरात घातली, त्याचा विमा काढायचं राहूनच जातं. तो काढणं आता पूर्वीइतकं किचकट नाही. विमा नियामक 'इर्डा'च्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आणली. अटी त्याच असल्या तरी हप्ता कंपनीगणिक बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, झाड किंवा वाहन आदळणं, पाण्याची टाकी वा पाइप फुटणं ही कारणं यात येतात. चोरीची भरपाई मात्र अशी एखादी घटना घडल्यावर, तिच्यामुळे आणि सात दिवसांच्या आत झाली तरच मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

नुकसान कशामुळे झालं यावर सगळं ठरतं. पाइप फुटून खोलीत पाणी भरलं तर दावा करता येतो. गच्चीतून दर पावसाळ्यात झिरपणारी ओल ही देखभालीची बाब. नवं बांधकाम बसताना भिंतीला गेलेले तडे, सदोष बांधकाम, नदीकाठ वा किनारा झिजून झालेलं नुकसान यात येत नाही. शॉर्टसर्किटने जळालेल्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत, पण तिथून आग घरभर पसरली तर त्या नुकसानीचे मिळतात.

सगळ्यात जास्त गोंधळ विम्याच्या रकमेबद्दल असतो. फ्लॅटचा बाजारभाव ९० लाख असला तरी विमा ९० लाखांचा काढायचा नसतो, कारण त्या भावात जागेची किंमत असते आणि जागा जळत नाही. कार्पेट क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, गुणिले आजचा बांधकाम खर्च, हा हिशोब. समजा क्षेत्र ६० चौरस मीटर आणि खर्च चौरस मीटरला २५,००० रुपये, तर रक्कम १५ लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाखांपर्यंत घरातलं सामान यादी न देताही आपोआप धरलं जातं. त्याची कमाल मर्यादा १० लाख. दागिने आणि चित्रांसारख्या मौल्यवान वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात. घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी घराचं भाडंही या पॉलिसीत आहे, आणि माझ्या मते संकटाच्या वेळी सर्वात मोठा आधार त्याचाच.

घरमालकाला इमारत आणि सामान, दोन्हींचा विमा काढता येतो. भाडेकरूला फक्त आपल्या सामानाचा. सोसायटीने इमारतीचा विमा काढला असेल तरी त्यात तुमच्या घरातलं सामान धरलेलं नसतं, हे लक्षात ठेवा. त्या पॉलिसीची प्रत सचिवांकडून मागून वाचा.

अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर, शाखेत किंवा एजंटमार्फत करता येतो. केवायसीसाठी सहसा पॅन आणि आधार लागतं. घराच्या तपशिलासाठी खरेदीखत किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) जवळ ठेवा, गावात असाल तर घरपट्टीचा उतारा. भिंती आणि छप्पर कशाचं आहे, बांधकाम किती जुनं, हे प्रस्ताव अर्जात जसं आहे तसंच लिहा. एजंटला घाई असली तरी क्षेत्राचा आकडा स्वतः तपासा. पुढे खोली वाढवून क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर कंपनीला कळवून जादा हप्ता भरावा लागतो. पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंत घेता येते.

नुकसान झालं की लगेच कंपनीला कळवा. चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, आणि भिजलेली गादी, फ्रिज सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) पाहून जाईपर्यंत टाकू नका. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी असेल तर पोलिसांत तक्रार, पुरात तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात ही कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत आणि तिथे शुल्क लागत नाही.

गृहकर्ज असेल तर बँकेने काढलेली पॉलिसी कितीची आहे ते आधी पाहा. ती बरेचदा फक्त कर्जाच्या रकमेइतकी असते. कर्ज फिटल्यावर पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या, आणि मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण स्वतःच्या नावावर करा.