सीव्हीटीएस आयसीयूतील फिरत्या परिचारिका आणि सोलापूर : पार्श्वभूमी

परिचारिकांनी ठरावीक मुदतीच्या करारावर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाऊन काम करण्याची पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली. तेथील करार साधारणपणे तेरा आठवड्यांचा असतो, आणि २०००पासून राज्ये एकमेकांचा परवाना मानू लागल्यावर या कामातील मोठा अडसर दूर होत गेला. आपल्याकडे अशी बांधीव व्यवस्था नाही. मात्र सीव्हीटीएसचा, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या आणि छातीच्या शस्त्रक्रियांच्या विभागाचा, अनुभव असलेल्या सिस्टर आणि ब्रदर मुदतीच्या करारावर शहरे बदलत राहतात.

सोलापूरपुरता हा इतिहास २ जुलै २०१२पासून धरावा. त्या दिवशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत सोलापूर होते. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांत हृदयशस्त्रक्रियांचाही समावेश होता. ज्या घरांना पुण्या-मुंबईचा किंवा हैदराबादचा खर्च झेपत नसे त्यांच्यासाठी बायपासची वाट मोकळी झाली, ही योजनेची मोठी कमाई मान्य केलीच पाहिजे. तथापि पॅकेजमध्ये ऑपरेशनचा दर ठरला. ऑपरेशननंतरची रात्र सांभाळणारी माणसे कोठून येणार, हे ठरले नाही. जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग नुकतेच पूर्ण केलेल्या मुलीला थेट बलून पंपाशेजारी, म्हणजे दुबळ्या हृदयाला आधार देणाऱ्या यंत्राशेजारी, उभे करता येत नाही. ते काम अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली महिनोन्‌महिने ड्यूटी करूनच अंगवळणी पडते.

नव्या ठिकाणी रुजू होणाऱ्या परिचारिकेची खरी परीक्षा पहिल्याच हँडओव्हरला, म्हणजे रुग्णाचा ताबा घेताना, होते. बायपासचा रुग्ण ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) येतो तेव्हा व्हेंटिलेटर, रक्तदाब सतत मोजणारी आर्टेरियल लाइन, छातीतील ड्रेन (साचलेले रक्त बाहेर काढणारी नळी), हृदयाचे ठोके सांभाळणारी पेसिंग वायर आणि ठरावीक वेगाने औषध सोडणारे तीन-चार सिरिंज पंप एकदमच ताब्यात घ्यायचे असतात. त्यातही पंपावरच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण रक्तदाब टिकवणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन एका युनिटमध्ये ५० मिलीत ४ मिलिग्रॅम भरतात, तर दुसऱ्यात ८ मिलिग्रॅम. तासाला ५ मिली हा वेग दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण रुग्णाच्या शरीरात जाणारे औषध दुप्पट होते. म्हणून जाणती परिचारिका आधी सिरिंजवरचे लेबल वाचते, मग ट्रान्सड्यूसर (रक्तदाब मोजणारा संवेदक) झिरो करते, म्हणजे त्याचे मोजमाप शून्यावर आणते, आणि छाती तातडीने पुन्हा उघडण्याची वेळ आलीच तर लागणारा ट्रे कोठे ठेवला आहे, हे आल्या आल्या विचारून घेते.

या कामाचे मोल ठरवण्याचा जो प्रयत्न झाला, तोच सर्वांत वादाचा ठरला. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. समितीने वेतन खाटांच्या संख्येशी बांधले : २००हून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतके, १०० ते २०० खाटांत त्याहून फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी, आणि त्याहून लहान रुग्णालयात किमान २०,००० रुपये. लहान रुग्णालयाची मिळकत लहान असते, हे चालकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु हृदयरोगाच्या बाबतीत ही मोजपट्टी उलटी पडते. जिल्ह्याच्या ठिकाणी केवळ हृदयावर उपचार करणारे रुग्णालय साठ-सत्तर खाटांचे असले, तरी बायपासनंतरच्या पहिल्या रात्रीची जबाबदारी तेथे तीनशे खाटांच्या रुग्णालयातल्यापेक्षा तसूभरही हलकी नसते. देशातील परिचर्येच्या निकषांत अतिदक्षता विभागासाठी एका खाटेमागे एक परिचारिका हे प्रमाण धरलेले आहे. म्हणजे मनुष्यबळ मोजताना खाट आयसीयूची धरायची आणि पगार ठरवताना मात्र सगळ्या इमारतीतल्या खाटा मोजायच्या, असे झाले. त्याच परिचारिकेला त्याच कामासाठी पुण्यातील मोठ्या रुग्णालयापेक्षा पाव हिस्सा कमी देण्यास यातून आधार मिळतो, आणि घडवलेली माणसे सोलापुरात टिकत नाहीत याचे आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही. पुढे या शिफारशी राज्यांवर सोपवण्यात आल्या. केरळने २०१८ साली २०,००० रुपये किमान वेतन अधिसूचित केले, पण तेथेही त्यासाठी परिचारिकांना रस्त्यावर उतरावे लागले होते.

नोंदणीचा प्रश्न सोलापूरला विशेष जाचतो. विजयपूर आणि कलबुर्गी ही दोन्ही शहरे येथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. तरीही तेथे काम करायचे तर आपल्या राज्याच्या परिचर्या परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन कर्नाटकात नव्याने नोंदणी करावी लागते. तीन महिन्यांच्या करारासाठी एवढा खटाटोप कोणाला परवडणार? १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे, आणि ती नीट अमलात आली तर हा फेरा कमी होऊ शकेल. मात्र त्या कायद्याचा विषय शिक्षण, सेवेचा दर्जा आणि नोंदणी हा आहे, वेतन नव्हे. वेतनाची खाटांवर बेतलेली उतरंड त्याने जागची हललेली नाही.