घरकुल अर्जातून नाही, यादीतून मिळतं: खान्देशातल्या गावांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि ग्रामसभेची तयारी

"घरकुलाचा फॉर्म कुठे भरायचा?" गावोगावी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. पण प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) बारमाही अर्जावर चालत नाही, ती यादीवर चालते. आधी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय जनगणनेची यादी आली. मग २०१८ च्या आवास प्लस सर्वेक्षणाची आली, तिलाच आपल्याकडे 'ड यादी' म्हणतात. त्यानंतर आवास प्लस २०२४ या मोबाइल ॲपवरून नवं सर्वेक्षण झालं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना मार्च २०२९ पर्यंत वाढवून आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली, ती घरं याच याद्यांमधून दिली जातात. त्यामुळे खरी धावपळ पंचायत समितीच्या घरकुल विभागात नसते. आपलं नाव यादीत आहे का, पात्र म्हणून टिकलं आहे का आणि कितव्या क्रमावर आहे, या तीन गोष्टी ग्रामसभेच्या आधी पाहायच्या असतात.

नाव शोधायला योजनेच्या संकेतस्थळावर 'आवाससॉफ्ट'मध्ये 'रिपोर्ट' उघडा. तिथे 'एच' या गटात सोशल ऑडिट रिपोर्ट्स असतात, त्यातला लाभार्थी पडताळणीचा अहवाल घ्या. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की गावातली मंजूर घरं नावानिशी दिसतात. प्रतीक्षा यादी मात्र ग्रामपंचायतीतून सही-शिक्क्यासह मागून घ्यावी.

पात्र कोण, आणि कोण बाद होतं

ज्यांच्याकडे घरच नाही, किंवा ज्यांचं घर दोन खोल्यांपर्यंतचं कच्चं आहे, अशा कुटुंबांसाठी ही योजना आहे. बेघर कुटुंबं, भिक्षेवर जगणारे आणि वेठबिगारीतून मुक्त झालेले यांना थेट समावेशाचा हक्क आहे.

बाद करणारे निकष २०२४ मध्ये १३ वरून १० झाले. दुचाकी, फ्रिज आणि लँडलाइन फोन यांवरून आता कुणी अपात्र ठरत नाही, आणि कमाईची मर्यादा महिना १० हजारांवरून १५ हजार रुपये झाली आहे. गावात अजून कुणी "तुझ्याकडे मोटरसायकल आहे, तुला मिळणार नाही" म्हणत असेल तर तो जुना नियम सांगतो आहे. तीनचाकी किंवा चारचाकी वाहन, यांत्रिक तीनचाकी-चारचाकी शेती अवजार (ट्रॅक्टर यातच येतो), ५० हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकर, नोंदणीकृत बिगरशेती उद्योग, महिना १५ हजारांवर कमावणारी व्यक्ती, आयकर, व्यवसाय कर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत: यांपैकी एक जरी असलं तरी कुटुंब बाद.

यातला किसान क्रेडिट कार्डाचा निकष खान्देशात फार लोकांना आडवा येतो. कापूस-केळीच्या पट्ट्यात पीककर्जाची मर्यादा सहज ५० हजारांवर जाते, आणि निकष मर्यादेवर आहे, उचललेल्या रकमेवर नाही.

दुसरी अडचण धाब्याच्या घरांची. मातीच्या भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर माती टाकलेलं सपाट छत. समोरून फोटो काढला की हे छत स्लॅबसारखं दिसतं, आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असला तर भिंतही पक्की वाटते. सर्वेक्षणात भिंत आणि छप्पर यांची नोंद वेगवेगळी होते. म्हणून पडताळणीच्या वेळी आतून, खणाची लाकडं आणि माती दिसेल असा फोटो घ्यायला लावा.

तिसरं कारण जॉब कार्ड. मुलगा वेगळा राहतो, चूल वेगळी आहे, पण रोजगार हमी योजनेचं (रोहयो) जॉब कार्ड वडिलांच्या नावाने एकत्र आहे आणि वडिलांना पूर्वी घरकुल मिळालेलं आहे. अशा वेळी ऑनलाइन प्रणाली दोघांना एकच कुटुंब धरते आणि नाव आपोआप नाकारलं जातं. यावर उपाय आधीच करायचा असतो: शिधापत्रिका विभक्त करा, मग जॉब कार्ड वेगळं करा.

जागा: निम्मी प्रकरणं इथे अडतात

लोक हमखास चुकीचा उतारा आणतात. तलाठ्याकडचा (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी) '८-अ' हा शेतजमिनीचा खाते उतारा. घरकुलाला लागतो तो ग्रामपंचायतीचा 'नमुना ८', म्हणजे कर आकारणीचा उतारा. ड्रोन मोजणी झालेल्या गावात स्वामित्व योजनेची सनद किंवा मिळकत पत्रिका असेल तर ती उत्तम, कारण नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे.

नमुना ८ हातात आला की दोन रकाने नीट वाचा: मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव. भोगवटादार तुम्ही आणि मालक 'सरकार' किंवा 'ग्रामपंचायत' असेल तर घर अतिक्रमणाच्या जागेवर आहे. मालकाच्या रकान्यात वारलेले वडील असतील तर आधी वारस नोंद करून घ्या आणि भाऊ-बहिणींचं संमतीपत्र जोडा. संमतीशिवाय काम सुरू झालं आणि एका भावाने हरकत घेतली की हप्ता थांबतो.

शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय राज्याने २०१८ मध्ये घेतला. त्यासाठी त्या तारखेआधीचा वास्तव्याचा पुरावा जपून ठेवा: जुनी घरपट्टी पावती, मतदार यादीचं पान, वीजबिल. गायरानाचं प्रकरण मात्र अवघड आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आहे. "गायरानावर बांध, पुढे बघू" असं सांगणारा माणूस तुमचं नुकसान करतो आहे.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मिळणारी मदत ५० हजारांवरून १ लाख रुपये झाली आहे. हिच्यासाठी नाव घरकुलाच्या यादीत असावं लागतं. गावातल्या आठ-दहा भूमिहीन कुटुंबांनी मिळून एकाच शेतकऱ्याकडून लागून असलेले तुकडे घ्यायचं ठरवलं, तर रस्ता आणि पाण्याची मागणीही एकत्र करता येते.

सातपुड्यात आणि साक्री-नवापूरच्या डोंगरात वनजमिनीचा प्रश्न येतो. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(क) शेतीसाठी तसंच राहण्यासाठीही हक्क देतं, मात्र ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. दावा भरताना फक्त शेताचं क्षेत्र लिहिलं जातं आणि झोपडीची जागा सुटते. दाव्यात घराची जागा नकाशासह नोंदवा.

कागदांचा संच

आधार कार्ड, बँक पासबुक, जॉब कार्ड, शिधापत्रिका, जागेचा उतारा, जातीचा दाखला (राखीव गटातून असेल तर), पक्कं घर नसल्याचं स्वयंघोषणापत्र, चालू मोबाइल क्रमांक. राज्याच्या योजनांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखलाही लागतो.

कागद असूनही पैसे अडतात ते बहुतेक आधारमुळे. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी तेच खातं आधारशी मॅप झालेलं असणं वेगळं. कुणाचा आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे मॅप असतो आणि पैसे तिकडे जातात किंवा परत फिरतात. बँकेत जाऊन "या खात्यावर डीबीटी चालू करा" असा लेखी अर्ज द्या (डीबीटी म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात जमा होणं). आधार, जॉब कार्ड आणि पासबुक या तिन्हींवरचं नाव अक्षरशः एक हवं. घराची मंजुरी पती-पत्नी दोघांच्या किंवा पत्नीच्या नावे होते, म्हणून बाईचे कागद माहेरच्या नावावर असतील तर तिचंच आधी दुरुस्त करा.

रक्कम आणि हप्ते

सपाट भागात केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार. राज्याने २०२५ मध्ये वरून ५० हजार वाढवले: ३५ हजार बांधकामाला, १५ हजार छतावरच्या सौर संचाला. रोहयोतून ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळते, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. पूर्वी शौचालयाचं अनुदान घेतलेलं नसेल तर आणखी १२ हजार. सौर संच सोडून सपाट भागात बेरीज १,९५,०८० रुपये येते. पण यातले मजुरीचे पैसे हजेरीपट निघाला तरच मिळतात. जोते भरताना ग्राम रोजगार सेवकाकडे कामाची मागणी नोंदवायची राहिली तर ते २८ हजार बुडाले समजा.

हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर, जिओ टॅग (जागेचं नेमकं ठिकाण नोंदवणारा) फोटो झाल्यावर पडतात. पहिला १५ हजारांचा, मंजुरी आदेशानंतर. पुढचे जोता, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची पट्टी) आणि पूर्ण घर अशा टप्प्यांना, रकमा आदेशात लिहिलेल्या असतात. मंजुरीआधी खोदकाम करू नका. पहिला फोटो ज्या जागेचा झाला त्याच जागेवर घर उभं राहिलं पाहिजे, दहा पावलं सरकलं तरी पुढचा टॅग जुळत नाही. आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, असायला हवं. "पाया तरी मोठा टाकून ठेवू" या मोहात ४०० फुटांचा जोता भरला जातो आणि पैसे लिंटेलला संपतात. बारा महिन्यांत घर पूर्ण करायचं आहे, २६९ फुटांवर थांबा. तापी-गिरणाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या.

२०२५ च्या वाळू धोरणानुसार घरकुलाला ५ ब्रास, म्हणजे ५०० घनफूट वाळू मोफत आहे. तिची मागणी तहसील कार्यालयात मंजुरी आदेश जोडून करा. वाहतुकीचा खर्च मात्र आपला.

यादीत नाव नसेल तर

राज्याच्या योजना वेगळ्या आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ ची मोदी आवास (१ लाख २० हजारांची वार्षिक उत्पन्न मर्यादा). विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आहे, तिच्यात ५ गुंठे जागेची तरतूद आहे. चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांनी आणि साक्रीकडच्या ठेलारी वस्त्यांनी हिचा पाठपुरावा करावा. या योजनांना अर्ज चालतो, सोबत ग्रामसभेचा ठराव लागतो. शबरीसाठी नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथली आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत. भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणा कुटुंबांना केंद्राच्या आदिम जमातींसाठीच्या 'जनमन' योजनेचं आमिष कुणी दाखवलं तर थांबा: महाराष्ट्रात ती कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासाठी आहे.

जळगाव-धुळे महापालिका किंवा नगरपरिषदांच्या हद्दीत प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० लागू होते. स्वतःच्या जागेवर बांधायला ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अडीच लाख रुपये मिळतात, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं.

ग्रामसभेत काय मांडायचं

क्रम ग्रामसभा ठरवते, आणि लोक गैरहजर असतील तर तो कागदावर आपोआप ठरतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सातपुड्यातले लोक गुजरातेत मजुरीला जातात. २६ जानेवारीच्या सभेला नेमकी तीच कुटुंबं गावात नसतात ज्यांना घर हवं आहे. १ मेची सभा आखाजीच्या आसपास येते, तेव्हा माणसं परतलेली असतात. घरकुलाचा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या अशी लेखी मागणी महिनाभर आधी द्या आणि पोच घ्या. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी संख्या लागते.

ठराव असा लिहून न्या: "आवास प्लस यादीतील पात्र व अपात्र कुटुंबांची नावे कारणांसह सभेत वाचून दाखवण्यात आली. खालील कुटुंबे अपात्र दाखवली असली तरी निकषात बसतात, त्यांची स्थळ पडताळणी करून फेरप्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावा." खाली नाव, अपात्रतेचं दिलेलं कारण आणि वस्तुस्थिती असे तीन रकाने. 'सर्व पात्रांना घरकुल मिळावे' असा मोघम ठराव कुणाच्याही उपयोगाचा नाही.

अनुसूचित क्षेत्रात (अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे पूर्ण तालुके, आणि शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरचे काही भाग) पेसा कायद्याच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) कलम ४(ङ) नुसार गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार थेट ग्रामसभेचा आहे. २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाडाही स्वतःचं गाव घोषित करून घेऊ शकतो. तसं झालं की पाड्याची नावं मोठ्या गावाच्या सभेत मागे पडत नाहीत.

ठराव होऊनही काही हललं नाही तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, त्यानंतर जिल्ह्याच्या अपील समितीकडे जा. सोबत १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका (दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही): गावातल्या अपात्र कुटुंबांची कारणासह यादी, स्थळ पाहणीचे पंचनामे आणि पाहणी करणाऱ्याचं पदनाम. उत्तराची मुदत ३० दिवसांची. फोटो टॅग करायला किंवा हप्ता सोडायला कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत या योजनेचं वर्षातून एकदा सामाजिक अंकेक्षण व्हायला हवं. मागच्या वर्षीचा अहवाल ग्रामपंचायतीकडे मागा, नसेल तर "झालेलं नाही" हे लेखी घ्या आणि तेच पत्र अपिलाला जोडा.